धातूला धातू बांधू नये

माझ्या नवऱ्याला वस्तू आत ठेवलेल्या आवडत नाहीत, बाहेर लटकवलेल्या आवडतात. लग्न झालं तेव्हा मला ह्याची गंमत वाटायची. त्याच्या ट्रेकच्या सॅकला बाहेरून मग, टॉर्च, चाकू, शिट्टी, ओले मोजे असं सगळं लोंबत असे, आणि तो जिना उतरायला लागला की कुठल्या मजल्यावर पोचला ते शेजाऱ्यांना घरबसल्या कळे. प्रत्येक वस्तूला एक कॅरॅबिनर. कॅरॅबिनर म्हणजे गिर्यारोहकांची ती स्प्रिंगच्या दाराची कडी. दोर नुसता टेकवून दाबला की दार आत जातं, दोर आत येतो आणि दार आपसूक मिटतं. दोन बोटांचं काम. पुण्यात ज्यांच्या घरी एखादा ट्रेकर आहे त्यांच्याकडे किल्ल्यासुद्धा असल्याच कडीत असतात.

ह्या कडीवर त्याची श्रद्धा होती, आणि ती उगाच नव्हती. कॉलेजात असताना एक सुळका चढताना त्याचा पाय सुटला, वरची खुंटी निघाली, आणि खालच्या खुंटीतल्या एका कॅरॅबिनरने त्याला धरून ठेवलं. मित्रांनी खेचून घेईपर्यंत तो तिथे दरीवर लोंबत होता. ही गोष्ट तो आनंदाने सांगायचा. मी ती ऐकताना दर वेळी पोहे पुढे करायच्या निमित्ताने उठून जायची.

आम्ही दोघंही हिंजवडीला कामाला होतो. ते दिवसच असे होते की रोज एक नवी काचेची इमारत उभी राहायची आणि रोज कुणीतरी ऑनसाइटला निघायचं. लोक अमेरिकेहून परफ्यूम आणि बदाम आणायचे, ह्याने पाण्यात बुडी मारायचं सामान आणलं. तिथे कुणीतरी त्याला एका रविवारी तलावात नेलं होतं, आणि हे वेड घेऊनच तो परतला. समुद्र पुण्यापासून घाट उतरून पलीकडे, पण पुणेकराला शिकायला समुद्र लागत नाही, क्लास लागतो. तो बिबवेवाडीला एका पोहण्याच्या तलावावर होता. त्याने माझंही नाव घातलं. मला पोहता येत होतं, आणि नवरा ज्या पाण्यात जाणार ते आपण बघून ठेवलेलं बरं, असं मला वाटलं.

शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले. ते कुणालाही 'आपण' म्हणत आणि अपमानही 'आपण' म्हणूनच करत. पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला पाण्यात उतरवलंच नाही. टेबलावर सगळं सामान मांडलं. हवा भरता-सोडता येतं ते जॅकेट, पाठीवरचं सिलिंडर, तोंडात धरायची नळी, जोडीदाराला द्यायची दुसरी नळी, हवा किती उरली ते दाखवणारं गेज, डोळ्यांवरची काच, पायांचे रबरी पंख, बुडायला कमरेला बांधायचा वजनाचा पट्टा, टॉर्च, कात्री.

"खाली गेल्यावर आपल्याला डोळे नाहीत असं समजावं," सर म्हणाले. "मिटल्या डोळ्यांनी हात जिथे जाईल तिथे वस्तू हवी. अंगाला चिकटून हवी. लोंबणारी वस्तू आपली नसते. ती खाली जे काही असेल त्याची असते."

मग त्यांनी धातूला धातू बांधू नये हे सांगितलं. जॅकेटला जागोजागी लोखंडी कड्या असतात. वस्तू त्या कडीला थेट अडकवायची नाही, मध्ये दोरीचा एक तुकडा ठेवायचा. उद्या काही अडकलं तर दोरी कापता येते, कडी कापता येत नाही. आणि हूक घ्यायचा तो कुत्र्याच्या साखळीला असतो तसला, खटका अंगठ्याने मागे ओढल्याशिवाय न उघडणारा. स्प्रिंगच्या दाराचं काही चालणार नाही, कारण ते दार बाहेरून कुणीही ढकलू शकतं.

"सर, त्या कडीने माझा जीव वाचवलाय," नवरा म्हणाला.

"डोंगरात आपण तिला अडकवता," सर म्हणाले. "पाण्यात ती आपल्याला अडकवते."

तसले हूक आणायला मी बोहरी आळीत गेले. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "कुत्रा केवढा आहे?" मी म्हटलं, साठ किलोचा. त्याने निमूटपणे सगळ्यात मोठे हूक काढून दिले. नवऱ्याला मी ही गोष्ट सांगितली, तो खूप हसला, आणि त्याच्या वाटचे हूक टेबलाच्या खणात गेले ते तिथेच राहिले.

शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरच्या आमच्या घरात दिवाणावर दोन्ही जॅकेटं मांडली जायची. माझं दहा मिनिटांत आटपायचं. दुसरी नळी छातीवर रबराच्या वळ्यात, गेज पोटाशी दोरीने बांधलेलं, कात्री खिशात, खिशाला चेन. मी डोळे मिटून एकेका वस्तूवर हात ठेवून बघायची. त्याचं तासभर चालायचं. टॉर्च, जादा टॉर्च, चाकू, दोरीचं रीळ, लिहायची पाटी, कॅमेरा, शिट्टी, आणि प्रत्येकाला चमकदार कॅरॅबिनर, थेट कडीत. लागलं तर, लागलं तर, असं तो पुटपुटत असे. सासरे पेपरमागून एकदा बघत आणि विचारत, "पोळा उद्याच आहे का?"

मला तेव्हापासून बरं वाटत नव्हतं. हे नंतर सुचलेलं शहाणपण नाही. तलावात मी ते सामान पाहिलं होतं. पाण्यात त्या वस्तू खाली लोंबत नाहीत, त्या आपल्या मनाने फिरतात. तो वळला की त्या मागाहून वळायच्या. एकदा त्याची जादा नळी तलावाच्या शिडीत अडकली होती, आणि ती कशात अडकलीय हे बघायला तो मागे वळला तर तीच त्याच्याभोवती गुंडाळली गेली. चार फूट पाणी होतं, तो नुसता उभा राहिला. मला मात्र हसू आलं नाही.

तलावावरचे धडे संपल्यावर सर आम्हाला खाणीवर नेत. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या पुढे, आत वळून, दगडाची एक जुनी खाण होती. शहरातल्या इमारतींना खडी पुरवून झाल्यावर ती सोडून दिली होती आणि तिच्यात पाणी भरलं होतं. तिन्ही बाजूंना सरळ कापलेल्या भिंती, एका बाजूला ट्रक उतरायचा तो उतार. पाणी वरून हिरवं, हातभर खाली काळं. पक्षीसुद्धा त्या पाण्यावर बसत नसत. आधी कुणीतरी तिथे मासे सोडले होते. तो धंदा बसला, मासे गेले आणि जाळं तसंच राहिलं. आसपासचे लोक गणपतीही तिथेच बुडवत.

"डाव्या भिंतीला जाळं आहे," सरांनी काठावर सगळ्यांना सांगितलं. "तिकडे कोणीही जाणार नाही. आपण सगळे उजवीकडे." मग त्यांनी एकेकाचं जॅकेट तपासलं. माझ्या नवऱ्यासमोर ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. "हे सगळं काढा," म्हणाले. त्याने काढलं. सर दुसऱ्या जोडीला घेऊन, उजवीकडे तळापर्यंत सोडलेल्या दोरावरून खाली गेले. आमची पाळी आली तेव्हा गुडघाभर पाण्यात उभं राहून ह्याने पिशवीतून टॉर्च, चाकू आणि कॅमेरा काढला आणि तिन्ही वस्तू पुन्हा छातीवर आणि कमरेला अडकवल्या.

"सरांनी काढायला सांगितलंय," मी म्हटलं.

"सर त्यांच्या जागी आहेत, मी माझ्या," तो म्हणाला. "तिथे खाली एक मूर्ती अख्खी बसलेली आहे म्हणतात. एक फोटो घेतो आणि वळतो. तू फक्त मागे राहा."

मी काही बोलायच्या आत त्याने नळी तोंडात घातली होती.

खाली लांब केलेल्या हातापलीकडचं काही दिसत नव्हतं. मी त्याच्या पायाच्या पंखांवर नजर ठेवून होते. दोर उजवीकडे राहिला आणि आम्ही डावीकडे निघालो, हे मला भिंतीवरून कळलं. भिंत चुकीच्या बाजूला होती. मी त्याचा पंख ओढला. त्याने अंगठा आणि बोट जुळवून 'ठीक' अशी खूण केली आणि टॉर्च पुढे धरला. मूर्ती खरंच होती. प्लास्टरची, रंग गेलेली, सोंड तुटलेली, गाळात मांडीपर्यंत रुतून आमच्याकडे तोंड करून बसलेली. त्याने कॅमेरा उचलला. फोटो काढला. मग तो वळला, आणि वळताना मध्येच थांबला.

आधी वाटलं त्याला काहीतरी दिसलं. मग तो कमरेमागे हात नेऊन चाचपडायला लागला आणि मला समजलं. चाकूच्या कडीने पाण्यातलं जाळं आपणहून आत घेतलं होतं. तो ओढत होता, आणि ओढेल तसं जाळं कॅमेऱ्याच्या कडीत, सिलिंडरच्या तोंडाशी गोळा होत होतं. चाकू त्याच जाळ्यात होता. त्याने पाय मारले आणि गाळ उठला. आता टॉर्चचा नुसता पिवळा धुरकट गोळा दिसत होता आणि त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, फार भराभर.

मी कात्री काढली आणि त्याला समोरून मिठी मारून पाठीमागे हात नेला, कारण तेवढंच जमत होतं. दोन-तीन पदर कापले. चौथ्याकडे हात नेताना माझा खांदा पुढे खेचला गेला आणि परत येईना. त्याच्या छातीवरच्या टॉर्चची कडी माझ्या जॅकेटच्या कडीत येऊन बसली होती. मी दार दाबायला गेले, पण त्याने घाबरून जॅकेटमध्ये हवा भरली होती. वरून तो खेचत होता, खालून जाळं खेचत होतं, आणि मधली कडी अशी ताणली गेली होती की दार हलत नव्हतं. माझ्या हातात कात्री होती. कापायला दोरी नव्हती.

तेव्हा मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याला वाचवायचं होतं असं नाही. मला त्याच्यापासून सुटायचं होतं. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वितीवर होता, काचेमागे डोळे मोठे झालेले, आणि मला त्या माणसाचा इतका तिटकारा आला की त्यानेच माझं डोकं शांत झालं. मी त्याच्या जॅकेटमधली हवा सोडून दिली. आम्ही दोघं खाली गाळात बसलो. मग माझ्या छातीवरची दुसरी नळी, जिथे हात जायला हवा तिथेच होती, ती काढून त्याच्या हातात दिली. त्याने आपली थुंकून टाकली आणि माझी धरली. मी त्याच्या खांद्याचे बकल उघडले, पोटाचा पट्टा उघडला, आणि मुलाला शर्टातून काढतात तसं त्याला त्याच्या सगळ्या सामानातून बाहेर काढलं. तो निघाल्यावर जॅकेट सैल पडलं, कडी सैल पडली, आणि तिचं दार माझ्या बोटाखाली अगदी सहज आत गेलं. त्याचा वजनाचा पट्टा सोडला आणि एका सिलिंडरवर आम्ही दोघं वर आलो.

काठावर सरांनी आम्हाला गरम चहा दिला आणि आमच्या मागे पाण्याकडे पाहिलं. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही.

"आपण उद्यापासून येऊ नये," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "आपल्याला पाण्यापेक्षा वस्तूंची आवड आहे. एखादं दुकान काढावं."

"माझं जॅकेट खाली आहे, सर."

"ते तिथेच राहील. वस्तूसाठी मी माणूस खाली पाठवत नाही."

घरी येताना तो गाडीत गप्प होता. मला वाटलं, घाबरलाय. मला बरंही वाटलं. हडपसरच्या सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "जाळं होतं म्हणून. जाळं नसतं तर काहीच झालं नसतं." पुढचे काही आठवडे त्याने पाण्याचं नावही काढलं नाही. फक्त जेवताना मध्येच थांबायचा आणि काहीतरी मनात मांडून बघत असल्यासारखा बोटाने ताटाभोवती रेघ ओढायचा. एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "मूर्तीपासून भिंत किती लांब होती गं? डावीकडे?" मी म्हटलं, मला आठवत नाही. मला नीट आठवत होतं.

पावसाळा सरला आणि सर एका तुकडीला घेऊन कोकणात गेले. त्या रविवारी सकाळी मी भाजी चिरायला घेतली तर ओट्यावरची मोठी कात्री जागेवर नव्हती. मी तशीच स्टूल घेऊन माळ्यावर पाहिलं. माझं जॅकेट नव्हतं, नळ्यांची पिशवी नव्हती. सासरे गॅलरीत बसले होते. "पहाटेच गेला," ते म्हणाले. "कंप्रेसरवाल्याशी फोनवर बोलत होता. सिलिंडर भरून ठेव म्हणाला." मग त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. "जित्याची खोड," एवढंच म्हणाले, आणि ती म्हण त्यांनी पुरी केली नाही.

मी स्कूटर काढली. सोलापूर रस्ता कसा पार केला ते मला सांगता येणार नाही. खाणीच्या उतारावर गाडी होती, काठावर त्याच्या चपला होत्या, आणि पाण्यावर डाव्या भिंतीपाशी बुडबुडे येत होते.

मी उतारावर बसून ते बघत राहिले. दुसरं काय करणार? हाक खाली जात नाही. बुडबुडे येत होते तोवर तो श्वास घेत होता, एवढंच मला कळत होतं. एक झुबका, मग थांबा, मग दुसरा झुबका. मी नकळत त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागले होते. एकदा थांबा लांबला. मी उभी राहिले. पलीकडच्या कड्यावर कुणी बाई शेळ्या घेऊन चालली होती, तिला ओरडून सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार? मग एकदम पाणी फुगलं आणि भिंतीजवळ एक जॅकेट वर आलं.

ते त्याचं होतं. हवेने टम्म भरलेलं, पाठीला सिलिंडर, छातीला टॉर्च, कमरेला चाकू आणि कॅमेरा, जाळ्याच्या चिंध्या चिकटलेल्या. आत माणूस नव्हता. ते उताणं होऊन सावकाश फिरत माझ्याकडे यायला लागलं आणि मी ओरडले. ओरडत असताना त्याच्यामागून ह्याचं डोकं वर आलं.

तो हसत होता. पोहत पोहत जॅकेट ढकलत त्याने काठाला लावलं, स्वतः बाहेर आला, काच कपाळावर चढवली. मी तिथे कशी, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

"बघ," तो म्हणाला. "एवढे दिवस खाली होतं, एक वस्तू गेली नाही. टॉर्चसुद्धा. दोरीने बांधलं असतं ना, तर दोरी कुजून सगळं गाळात गेलं असतं. सरांना सांग आता."

मी त्याच्याकडे बघत होते. तो जिवंत आहे ह्याचा आनंद झालाच होता. पण त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ते पाहून मला त्या दिवशीच्या खाणीतल्यापेक्षा जास्त भीती वाटली. खाली त्याला जे समजायला हवं होतं, त्याच्या नेमकं उलट तो समजून वर आला होता, आणि आता त्याच्याकडे पुरावा होता.

तो गाडी उताराच्या खाली आणायला गेला. मी जॅकेटपाशी बसले. टॉर्च सोडवून बाजूला ठेवला, चाकू ठेवला, कॅमेरा ठेवला, एका ओळीत, नीट. पिशवीत आणखी कड्या होत्या, त्याही काढल्या. मग त्या सगळ्या कड्या एकेक करून, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, पाण्यात लांब फेकल्या. शेवटची फेकल्यावर मला फार दिवसांनी हलकं वाटलं. मनात आलं, संपलं एकदाचं, आता घरी जाऊन भाजी टाकू.

गाडीचं दार वाजलं. तो खाली आला, त्याने ओळीत मांडलेल्या वस्तू पाहिल्या, मोकळी पिशवी पाहिली, माझे ओले हात पाहिले. तो चिडेल म्हणून मी तयार उभी होते. तो चिडला नाही. त्याने माझ्या जॅकेटचं गेज उचलून हवा किती उरलीय ते पाहिलं, आणि पाण्याकडे बघत शांतपणे मला विचारलं, "नक्की कुठे टाकल्यास?"